डी.एड. की बी.एड. हे नंतर, आधी कितव्या वर्गाची मुलं ते ठरव

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून दहावीतल्या मुलीने विचारलं आहे: मला शिक्षिका व्हायचं आहे. घरी कपाशीची कोरडवाहू शेती. वडील म्हणतात, भरती निघतच नाही. मामा म्हणतात, बारावी झाली की डी.एड. करून टाक. वर्गशिक्षिका म्हणतात, मार्क चांगले पडतात, सायन्स घे. आत्तापासून काही सुरू करता येईल का, की बारावीपर्यंत थांबू?

थांबू नकोस बेटा. पण सुरुवात कोर्सच्या चौकशीने करू नकोस.

वडील, मामा आणि बाई, तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तुला कितव्या वर्गाची मुलं शिकवायची आहेत, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. तुझा कोर्स, अकरावीची शाखा, द्याव्या लागणाऱ्या परीक्षा, सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, नंतर केंद्रप्रमुख म्हणून इतरांचे वर्ग पाहिले. चांगले मार्क असलेली, कष्टाळू, पण चुकीच्या वयाच्या मुलांसमोर उभी असलेली माणसं मला बरीच भेटली. बीजगणित सुरेख शिकवू शकणारा तरुण दुसरीच्या वर्गात महिनाभरात चिडचिडा होतो. उलट पहिलीच्या मुलांत रमणारी बाई नववीच्या वर्गात गप्प होते. दोघांनाही लोक ‘शिक्षक’च म्हणतात, पण कामं अगदी वेगळी.

पूर्वी या चुकीतून निघायला वाट होती. बी.एड. झालेल्यालाही पहिली ते पाचवीवर जाता यावं अशी सोय 2018 मध्ये केंद्राच्या पातळीवर झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात ती रद्द केली. आता पहिली ते पाचवीला डी.एल.एड. लागतं, म्हणजे तुझे मामा ज्याला अजून डी.एड. म्हणतात ते. बारावीनंतर दोन वर्षांचा हा कोर्स कोणत्याही शाखेतून करता येतो, खुल्या प्रवर्गाला बारावीत साधारण 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 45 टक्के पुरतात. नववी-दहावीला शिकवायचं तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं बी.एड. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. सहावी ते आठवी मधे येते, तिथे दोन्ही बाजूंनी पोचता येतं.

आता, कोणत्या वयाची मुलं आपली हे घरात बसून कळत नाही. आणि इथे तुला एक संधी आहे, जी बारावीनंतर इतकी सहज मिळायची नाही. दहावीचे पेपर मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतात. गावातली जिल्हा परिषदेची शाळा मात्र एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालू असते, आणि आपल्याकडच्या उन्हामुळे ती तेव्हा सकाळची भरते. म्हणजे महिनाभराहून जास्त काळ तू मोकळी, शाळा चालू, आणि दुपारी घरच्या कामाला तू हजर. पेपर संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेट. साधा अर्ज लिहून ने: या शाळेची माजी विद्यार्थिनी, पुढे शिक्षिका व्हायचं आहे, रोज दोन तास लहान मुलांना वाचन-गणितात मदत करायची परवानगी द्यावी. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावातलेच असतात, त्यांच्याही कानावर घाल. दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालवणाऱ्या शाळेत जास्तीचा हात सहसा कुणी नाकारत नाही. नाकारलाच, तर गल्लीतली दुसरी-तिसरीची दोन-तीन मुलं ओट्यावर बसव.

पूर्ण वर्ग मागू नकोस. 5 सप्टेंबरला साडी नेसून एक तास वर्ग घेतला असेल, तर त्यावरून काही ठरवू नकोस. त्या दिवशी मुलं शहाण्यासारखी वागतात, मागे खरे सर उभे असतात. तू दोन मुलं माग, शक्यतो मागे पडलेली. हुशार मूल कुणाकडूनही शिकतं, त्यावरून तुला स्वतःबद्दल काहीच कळणार नाही.

त्या दोन मुलांबरोबर काय करायचं ते नेमकं सांगते.

तिसरीतल्या मुलाला 52 वजा 38 दे. बरीच मुलं उत्तर 26 काढतात. का, ते आधी स्वतः शोध. त्याने पाचातून तीन काढले, दोन उरले. मग दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले, सहा उरले. त्याने आळस केलेला नाही. मोठ्यातून लहान काढायचं हा नियम त्याला कुणीतरी शिकवला आणि तो त्याने इमानाने पाळला. आता तू ‘हातचा घे’ असं दहा वेळा ओरडलीस, तरी तो पुढच्या गणितात पुन्हा 26 सारखंच काहीतरी काढेल. शेतातल्या कपाशीच्या काड्यांचे सारखे तुकडे कर, दहा-दहाचे जुडगे बांध, 52 मांड: पाच जुडगे, दोन सुट्या. म्हण, यातून 38 मला दे. तीन जुडगे तो देईल. सुट्या आठ देताना अडेल. तिथे तू गप्प बस. ही गप्प बसण्याची वेळ या धंद्यातली सगळ्यात अवघड. तो जुडगा सोडेल की नाही, हे बघत बसणं तुला सहन होतं का? त्याने जुडगा सोडला त्या क्षणी तुला आतून बरं वाटलं का? वाटलं असेल, तर प्राथमिक तुझ्यासाठी आहे. ‘एवढं साधं कळत नाही याला’ असंच मनात येत राहिलं, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेव. त्यात वाईट काही नाही, तुझी मुलं मोठी आहेत एवढाच त्याचा अर्थ. मग नववीतल्या एखादीला तुझा आवडता विषय शिकवून पाहा आणि तिथे काय वाटतं ते बघ.

वाचनाचंही तसंच. दुसरीचं मूल धडा घडाघडा म्हणून दाखवेल. मधल्याच एखाद्या ओळीतला शब्द बोटाने दाखव आणि हा काय आहे ते विचार. पुष्कळदा ते पहिल्यापासून धडा म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतं. म्हणजे धडा पाठ आहे, वाचन नाही. अशा मुलाला काना-मात्रा-वेलांटीची पुन्हा गरज आहे की जोडाक्षरांशी अडतंय, हे तुला शोधता आलं पाहिजे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. पहिली ते तिसरीची भाषा-गणिताची पुस्तकं शिकवणाऱ्याच्या नजरेने वाच. कोणती गोष्ट कशाच्या आधी घेतली आहे, एवढंच बघ.

आणि एक वही ठेव. त्यात ‘आज छान शिकवलं’ वगैरे लिहू नकोस. मुलाने काय उत्तर दिलं, ते तसं का दिलं असेल, तू काय केलंस आणि दुसऱ्या दिवशी ते टिकलं का, इतकंच. डी.एल.एड.ला गेलीस की पाठ टाचणं (धडा कसा शिकवायचा याचा आराखडा) आणि छात्रसेवाकालाच्या, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळाच्या, नोंदी लिहिता लिहिता हात दुखतो, आणि अनेक जण त्या दुसऱ्याच्या बघून उतरवतात. तुझ्याकडे आधीच खऱ्या मुलांच्या नोंदी असतील.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. त्यांच्या मायेबद्दल सगळे बोलतात, पण रोज हाताने दैनिक लिहायला माया पुरत नाही, बैठक लागते. तुला एवढं नको. आठवड्याला एक पान, मोठ्या अक्षरात, गावातल्याच बातम्या: कुणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं. शाळेच्या भिंतीवर चिकटव. वाचता न येणारं पोरही स्वतःचं नाव शोधायला येतं.

आता आपल्या भागापुरतं एक, जे पुण्याच्या मार्गदर्शन केंद्रात तुला कुणी सांगणार नाही. तुझ्या घरी अहिराणी बोलतात, असं मी धरून चालते. पहिलीत येणारं मूल ‘माले येत नही’ म्हणतं, आणि नवीन लागलेले सर त्याला आधी बोलणं सुधारायला लावतात. मूल सुधारत नाही, गप्प होतं. पुढचे सहा महिने सरांना वाटतं की त्याला काही येत नाही. शहाद्याच्या पुढे, धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी नाही तर भिली, यावल-रावेरकडे लेवा बोली, आणि पाटी मात्र सगळीकडे पुस्तकी मराठीची. तुझ्याकडे ही किल्ली जन्मजात आहे. मुलाला अहिराणीत बोलू दे, तू अहिराणीतच कबूल कर, आणि तीच गोष्ट पुस्तकातल्या मराठीत पुन्हा म्हण. सक्ती नको. काही आठवड्यांत मूल दोन्ही बोलतं. पण त्यासाठी तुझी स्वतःची पुस्तकी मराठी पक्की हवी, नाहीतर तुझ्यामागे पन्नास मुलं अहिराणी ‘शे’ आणि पुस्तकी ‘आहे’ची खिचडी लिहितील. रोज एक पान मोठ्याने वाच, वर्तमानपत्र चालेल.

मार्च-एप्रिलमध्येच गेलीस तर आणखी एक गोष्ट दिसेल. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे गेलेली कुटुंबं होळीच्या सुमारास परतायला लागतात. त्यांची मुलं चार महिन्यांच्या खंडाने वर्गात येऊन बसतात. हजेरीत नाव आहे, पाटी कोरी. असं मूल मिळालं तर तेच घे. पुढे नोकरी लागली तर सुरुवातीची वर्षं बहुधा अशाच मुलांत जातील.

सायन्स घ्यावं का? प्राथमिकच करायचं नक्की झालं, तर शाखेने फरक पडत नाही. डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, तेव्हा जिथे गुण चांगले पडतील ती शाखा. गणित-विज्ञान आवडत असेल आणि मोठ्या वर्गांचा विचार असेल, तर मात्र सायन्सच, कारण बी.एड.ला तुझे अध्यापनाचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात. बी.ए. करून मागाहून विज्ञान शिक्षिका होता येत नाही. नक्की नसेल आणि गुण असतील, तर बाईंचं ऐक. सायन्सकडून आर्ट्सकडे येता येतं, उलट जाता येत नाही. फक्त एक बघ. सायन्ससाठी रोज शिरपूर किंवा धुळ्याला एसटीने जाऊन-येऊन चार तास जाणार असतील आणि बारावीला गुण खाली येणार असतील, तर हे गणित तोट्याचं.

वडिलांचं म्हणणं खोडून काढायला मी बसलेले नाही. 2012 मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली, डी.एड. झालेली हजारो पोरं घरी बसली, अध्यापक विद्यालयं ओस पडली. आता भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून होते. त्यासाठी दोन पायऱ्या आहेत. पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, प्रत्येकी 150 गुण, खुल्या प्रवर्गाला 60 टक्के लागतात, राखीवला 55. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी दिली तरी चालते, आणि भुसावळ-वरणगावकडच्या केंद्रीय विद्यालयांसाठी तीच लागते. दुसरी पायरी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 200 प्रश्न, दोन तास. तिच्यात पास-नापास नाही, गुणांवर यादी लागते. नोकरी ठरते ती इथे. ही चाचणी 2017 च्या अखेरीला झाली, मग थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. मधली पाच वर्षं काय झालं असेल ते वडिलांना बरोबर माहीत आहे.

म्हणून फक्त डी.एल.एड. करून वाट बघत बसायचं नाही. सोबत किंवा लगेच नंतर पदवी हवीच, मुक्त विद्यापीठातून का होईना. सहावी ते आठवीचा दरवाजा त्याने उघडतो, आणि शिक्षक भरती रखडली तरी पदवीवर दुसऱ्या परीक्षा देता येतात. लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन असतं. 2023 पासून ते प्राथमिकला महिना 16,000, माध्यमिकला 18,000 रुपये आहे. त्यानंतर वेतनश्रेणी. खासगी संस्थेत जागा मिळवून देतो, अमुक लाख तयार ठेवा, असं सांगणारा कुणीतरी मामांना नक्की भेटेल. त्याच्याशी चहासुद्धा पिऊ नका. गुण वाढवून पास झालेल्यांचा टीईटी घोटाळा 2021 मध्ये उघड झाला, तेव्हा पैसे देणाऱ्यांचे पैसे आणि परीक्षा दोन्ही गेले.

टेटमधला बुद्धिमत्तेचा भाग म्हणजे अंकमालिका, सांकेतिक भाषा, आकृत्या, दिशा. ओळखीचं वाटतंय ना? शिष्यवृत्तीच्या पुस्तकातलंच हे. त्याही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषदच घेते. गावातल्या मुलांची शिष्यवृत्तीची तयारी दोन वर्षं तू करून घेतलीस, तर तुझी टेटची निम्मी तयारी क्लासशिवाय होते. क्लासची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत, साहजिक आहे.

आता वर्षांचा हिशेब, कारण नियम बदलत आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल. तू 2026 मध्ये दहावी, 2028 मध्ये बारावी. डी.एल.एड. केलंस तर बाहेर पडशील बरोबर 2030 ला. म्हणजे तू अगदी उंबरठ्यावरची. तेव्हा 2028 च्या सुरुवातीला प्रवेशाची अधिसूचना स्वतः वाचूनच ठरव, मामांच्या किंवा माझ्या आजच्या शब्दावर नको. दुसरी वाट म्हणजे ही एकात्मिक पदवी थेट. बारावीनंतर एनसीईटी नावाची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते, तिच्यातून चार वर्षांत पदवी आणि बी.एड. दोन्ही होतं, एक वर्ष वाचतं. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची आहे, महाराष्ट्रही तिच्या क्षेत्रात येतो, आणि असे एकात्मिक कोर्स ती फार पूर्वीपासून चालवते. भुसावळहून इटारसीमार्गे थेट गाडी आहे. आपल्याकडची हुशार मुलं तिकडे फारशी वळत नाहीत, कारण त्यांना ती संस्था कुणी सांगितलेलीच नसते. गुण चांगले असतील तर मी तुझ्या जागी आधी हीच वाट बघेन आणि डी.एल.एड. दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

चित्रकला किंवा खेळ हा तुझा जीव असेल तर वाटा वेगळ्या आहेत, पण तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

हे वाचणाऱ्या सातपुड्यातल्या मुलामुलींसाठी एक: अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शिक्षकाची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. तिच्यावर कोर्टकज्जे झाले आहेत, तरी तुमची कागदपत्रं तयार असलीच पाहिजेत. आश्रमशाळांची भरती आदिवासी विकास विभागाची, पवित्रवरच्या जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत ती सापडणार नाही.

कागदपत्रांचं तुलाही लागू आहे, आणि हे काम मात्र याच महिन्यात कर. शाळेच्या रजिस्टरमधलं तुझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघ. आपल्याकडे दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर नुसतं पाटील, असं घरोघरी असतं. शाळेत नाव चालू असताना ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत त्यातल्या त्यात सोपी जाते. दहावीचं प्रमाणपत्र छापून आलं की तीच दुरुस्ती महिनोन्महिने खाते. राखीव प्रवर्गातली असशील तर जातीचा दाखला आत्ता काढ आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षात टाक. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना सात-बारा, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीतली) नोंद, यातलं काय काय मिळतंय ते शोधायला दिवाळीची सुट्टी पुरत नाही. वडिलांना भरतीवर विश्वास नसेल तर नसू दे, हे कागद शोधायचं काम त्यांच्याकडेच सोपव. तहसील कचेरीतल्या जुन्या नोंदी त्यांच्याच ओळखीने निघतील.